नेमबाजीचा सराव दरवर्षी, जीव वाचवण्याचा एकदाच

घोडबंदर रस्त्यावर रात्री अपघात झाला की तिथे सगळ्यात आधी कोण पोहोचतं, हे कासारवडवली ते गायमुख पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा. रुग्णवाहिका क्वचितच पहिली येते. उरणच्या बंदराकडून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांची रांग, मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेला रस्ता, गायमुखच्या चढावर बंद पडलेला एखादा ट्रेलर, या सगळ्यातून वाट काढत मोटारसायकलवर येतात ते बीट मार्शल. नाहीतर नाक्यावर आधीपासून उभा असलेला वाहतूक शाखेचा हवालदार धावत येतो. मुंब्रा बायपास, शीळफाटा, तुर्भे, कळंबोली, उरण फाटा, कुठेही जा, चित्र हेच दिसेल.

पोलीस पहिले पोहोचतात, तर त्यांना बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे बीएलएस, अर्थात श्वास किंवा हृदय थांबलेल्या माणसाला रुग्णालय गाठेपर्यंत जगवणारी प्राथमिक मदत, यायलाच हवी. इथवर आज फारसं कुणाचं दुमत नाही. त्यासाठी शिबिरंही होतात. मी भूलतज्ज्ञ आहे आणि अशा शिबिरांत शिकवायला जाते. सभागृहात शंभरेक जण बसलेले असतात, स्वागत आणि सत्कार होतात, छातीवर दाब देण्याच्या सरावासाठी आणलेल्या दोन-तीन पुतळ्यांवर मोजक्याच लोकांचे हात बसतात, जेवणाआधी प्रमाणपत्रं वाटली जातात आणि सगळे बंदोबस्ताला परत जातात. शिबिर भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्याने पुतळ्याच्या छातीवर स्वतःच्या हाताने दाब दिलेलाच नाही, त्याला ही गोष्ट येते असं आपण कागदावर लिहून ठेवतो, आणि पुढची कित्येक वर्षं तोच कागद खरा धरतो. हे थांबवायला हवं.

माझी मागणी साधी आहे. पोलीस दलात नेमबाजीचा सराव ज्या शिस्तीने होतो, त्याच शिस्तीने बीएलएसचा सराव व्हावा. नेमबाजीला ठरलेली वेळ असते, प्रत्येकाच्या हाती शस्त्र येतं, निशाणा कुठे लागला ते पाहिलं जातं, त्याची नोंद राहते. बहुसंख्य शिपायांवर आख्ख्या नोकरीत कुणावर गोळी झाडायची वेळ येत नाही, तरीही हा सराव चुकत नाही आणि चुकूही नये. श्वास थांबलेला किंवा रक्तात पडलेला माणूस मात्र ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयातल्या जवळपास प्रत्येक शिपायासमोर कधी ना कधी येतो. काहींच्या समोर तर दर महिन्याला.

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. छातीवर दाब नाही आणि यंत्राने हृदयाला दिलेला विजेचा झटकाही नाही, अशा अवस्थेत गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाब द्यायचा तो मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबेल इतका, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात धडधाकट जवानही दोन मिनिटांत दमतो, गती वाढते, खोली कमी होते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, आणि हे बदलणंसुद्धा सरावानेच जमतं. शिकलेलं हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागतं, हे जगभर पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. डॉक्टर आणि परिचारिकाही याला अपवाद नाहीत. आम्हालाही ठराविक काळाने पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मग शिपायाला एकदा दाखवलेलं पाच वर्षांनी आठवेल, असं आपण कोणत्या आधारावर गृहीत धरतो?

आता थोडं अवघड. आपण पोलिसांना शिकवतो ते बहुतेक हृदयविकाराच्या झटक्यापुरतं. मॉलमध्ये किंवा उद्यानात साठीचा गृहस्थ कोसळला, हे शिबिरातलं ठरलेलं उदाहरण. तेही घडतं. तलावपाळीला पहाटे फिरायला येणाऱ्यांत घडतं, नवरात्रात गरब्यात घडतं. पण कोणत्याही पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी चाळली तर वेगळीच यादी दिसेल: दुचाकीवरून पडलेला, लोकलमधून पडलेला, खाडीत बुडालेला, पावसात विजेच्या खांबाला चिकटलेला, गळफास घेतलेला, चाकू लागलेला, कोठडीत अचानक गप्प झालेला. अभ्यासक्रम या डायरीवरून तयार व्हायला हवा.

रस्ते अपघात घ्या. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. यातल्या अनेकांना छातीवरच्या दाबाचा उपयोग होत नाही, कारण त्यांचं हृदय सुरुवातीला चालूच असतं. ते जातात रक्तस्रावाने, किंवा बेशुद्धीत उताणे पडून राहिल्यामुळे, जीभ मागे पडून आणि तोंडातलं रक्त श्वासनलिकेत उतरून. इथे कामाला येणाऱ्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. जबडा पुढे ओढून श्वासाची वाट मोकळी करायची. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून माणसाला कुशीवर वळवायचं. भळभळणाऱ्या जखमेवर कापडाची घडी ठेवून पूर्ण वजनाने दाबायचं आणि मधूनमधून उचलून बघायचं नाही. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर वर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह बंद करणारा रुंद पट्टा, आवळून त्याची वेळ लिहायची. यात डॉक्टरकीचं काही नाही. शिपायाला हे अर्ध्या दिवसात हातात बसतं. उलट आज रस्त्यावर दिसतं ते काय? दोघे हात धरतात, दोघे पाय धरतात, मान लोंबकळते आणि माणूस टेम्पोत जातो. दहीहंडीला वरच्या थरावरून पडलेल्या गोविंदालाही असंच उचललं जातं. ठाण्यात त्या दिवशी प्रत्येक मोठ्या हंडीखाली पोलीस उभे असतात. मानेचा मणका मोडलेल्या पोराला कसं उचलायचं नाही, एवढं जरी तिथल्या बंदोबस्ताला पक्कं ठाऊक असलं, तरी एखाद्याचे हातपाय वाचतील.

गळफासाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण त्याबद्दल शिबिरात कुणी बोलत नाही. घरातले लोक दार फोडतात, समोरचं पाहतात आणि मागे सरकतात. पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही, हे प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेलं असतं. पोलीस येतात आणि त्यांच्या डोक्यात पंच, फोटो आणि पंचनामा सुरू होतो. वास्तविक पहिला प्रश्न एकच असायला हवा: हा माणूस अजून वाचू शकतो का? शरीर ताठरलेलं नाही, गार पडलेलं नाही, तर एकाने खालून वजन पेलायचं, दुसऱ्याने फास कापायचा आणि लगेच श्वास तपासायचा. फास गाठीपासून लांब कापला की गाठ शाबूत राहते, तपासाचंही नुकसान होत नाही. पुरावा आणि जीव यांच्यात निवड करायची वेळच येत नाही. पण हे शिपायाला कुणी वरिष्ठाने स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असावं लागतं. नाहीतर तो बिचारा नियमाला घाबरून थांबतो.

बुडालेल्यांचंही तसंच. पावसाळ्यात खारघरचा पांडवकडा, येऊर, उपवन, विसर्जनाचे घाट, सगळीकडे पोलिसांचा पहारा असतो. वर काढलेल्या पोराला उलटं धरायचं, पोट दाबून पाणी काढायचं, हा प्रकार अजून सर्रास चालतो. त्याने फुफ्फुसातलं पाणी निघत नाही. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मोलाचा वेळ वाया जातो. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छातीवरच्या दाबाची सोपी पद्धत पुढे आणली. ती योग्यच आहे, अनोळखी तोंडाला तोंड लावायची भीती त्यामुळे जाते. पण बुडालेल्याचं हृदय बंद पडतं ते प्राणवायू संपल्यामुळे. त्याला आधी श्वास द्यावे लागतात. म्हणून खाडी आणि धबधब्यांच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यांना श्वास देण्याचा छोटा मास्क आणि तो वापरण्याचा सराव, दोन्ही हवं. वागळे इस्टेटच्या शिपायाला आणि बेलापूरच्या सागरी हद्दीतल्या शिपायाला एकाच साच्यातलं शिक्षण देऊन भागणार नाही.

एक बारीक गोष्ट, जिच्यापायी किती जीव जात असतील याचा विचार करवत नाही. हृदय बंद पडल्यानंतरही पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून तोंड उघडून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज येतो. बघणारे म्हणतात, श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नसतो. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरेसं आहे. दाब द्यायला लागायचं. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणं, हातात चावी देणं, दातांत चमचा घालणं, बेशुद्ध माणसाला पाणी पाजणं, या सवयी वर्दीतल्या माणसाने स्वतः सोडल्या आणि गर्दीला ठामपणे थांबवलं, तर त्याचा उपयोग दहा फलकांपेक्षा जास्त होईल. आपल्याकडे अपघाताच्या जागी पोलिसाचा शब्द चालतो.

शिबिरात प्रश्न विचारायला सांगितलं की मागच्या रांगेतून हमखास एक आवाज येतो: “मॅडम, बरगडी मोडली आणि नंतर तो गेला, तर माझ्यावर येईल का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बरगडी मोडू शकते, नीट दाब दिला तरी मोडू शकते. कायद्याचं उत्तर मात्र पोलिसाच्या बाजूचं आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ६६ सांगतं की रस्त्यावरच्या असहाय व्यक्तीला आपल्याकडून होईल ती सर्व मदत करणं हे प्रत्येक पोलिसाचं कर्तव्य आहे. अटकेतल्या जखमी किंवा आजारी माणसासाठी तातडीने मदत मिळवणं हेही त्याच कलमात आहे. त्याच अधिनियमाचं कलम १५९ कर्तव्य बजावताना सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्येही संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला अपवाद आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतनीसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. ते कलम स्वेच्छेने मदत करणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. कामावरच्या पोलिसाची ढाल त्याच्या स्वतःच्या अधिनियमात आहे, आणि ती त्याला कुणी दाखवत नाही. दोन्ही आयुक्तालयांनी एक पानी लेखी आदेश काढावा: प्रशिक्षणाप्रमाणे मदत केली तर दल तुमच्या पाठीशी आहे. तो प्रत्येक ठाण्यात हजेरीच्या वेळी वाचून दाखवावा. या एका पानाचं मोल मला पन्नास पुतळ्यांपेक्षा जास्त वाटतं.

बाई कोसळली तर पुरुष शिपाई बिचकतो, हेही मान्य करायला हवं. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना बघ्यांकडून सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि श्वास देण्याची मदत, कमी वेळा मिळतो, असं परदेशातल्या अभ्यासांतही दिसलं आहे. त्याच आदेशात याबद्दलही एक ओळ असावी, आणि सरावात महिला शिपायांना पुढे बसवावं.

पोलीस आधीच पिचलेत, त्यांच्यावर आणखी एक ओझं कशाला, असं माझे काही पोलीस मित्रच म्हणतात. बारा-बारा तासांची ड्युटी, सणांचा बंदोबस्त, मोर्चे, नेत्यांचे दौरे. त्यांचा त्रागा खोटा नाही. म्हणूनच मी वेगळा दिवस मागत नाही. आठवड्याच्या परेडला लागून पंधरा मिनिटं, एक पुतळा, दहा जणांचे हात. पुढच्या आठवड्यात पुढचे दहा. आणि हे शिक्षण केवळ लोकांसाठी नाही. अनियमित जेवण, जागरण, ताण आणि रक्तदाब यांनी पोखरलेला हवालदार ड्युटीवर कोसळतो, तेव्हा त्याच्या शेजारी त्याचा सहकारीच असतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडले, त्या मृतांमध्ये लोहमार्ग पोलीस दलातला एक जवान होता. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली, तेव्हा बंदोबस्ताचे पोलीसही त्याच उन्हात उभे होते. उष्माघात झालेल्याला उचलून लांब नेण्याआधी सावलीत आणून अंगावर पाणी ओतणं आणि वारा घालणं, शरीर तिथल्या तिथे थंड करणं, हा उपचाराचा सगळ्यात मोठा भाग आहे. हे मैदानावरच्या प्रत्येक शिपायाला माहीत असायला हवं.

शिकवायला माणसं कुठून आणायची, या सबबीला ठाण्यात आणि नवी मुंबईत तरी जागा नाही. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेरुळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम. भूलशास्त्र आणि तातडीच्या उपचारांचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं तिथे आहेत. प्रत्येक पोलीस ठाणं एकेका विभागाला जोडून द्यावं. नंतर पोलिसांतूनच प्रशिक्षक घडवावेत, कारण शिपाई हवालदाराकडून जितकं पटकन शिकतो तितकं माझ्याकडून शिकत नाही, हे मी पाहिलं आहे. राज्यभरच्या ११२ क्रमांकाचं मुख्य केंद्रही नवी मुंबईत आहे. फोन घेणाऱ्याला मराठीत आणि हिंदीत चार वाक्यांत दाब कसा द्यायचा हे सांगता आलं, तर बीट मार्शल पोहोचण्याआधीच कुणाचे तरी हात छातीवर असतील. आणि मार्शलच्या मोटारसायकलवर हातमोजे, जाड पट्ट्या, एक टूर्निके आणि मास्क एवढं सामान कायम असावं. शिकवलं आणि साधन दिलं नाही, तर ते शिक्षण हातात उतरत नाही.

दुसरीकडे हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहराने १९९० मध्ये पोलीस गाड्यांत हृदयाला झटका देणारं स्वयंचलित यंत्र, एईडी, ठेवलं. हे यंत्र स्वतःच ठोके तपासतं आणि झटका द्यायचा की नाही ते बोलून सांगतं. लास वेगासच्या कॅसिनोंमधले सुरक्षारक्षक ते वापरायला शिकले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, झटक्याने सुधारू शकणाऱ्या ठोक्यांच्या बिघाडात कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक वाचले. उशीर झालेल्यांत ४९ टक्के. कॅसिनोत सगळीकडे कॅमेरे आणि माणसं असतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे मुंब्र्याला लागू होणार नाहीत. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांतले बहुतेक लोक श्रीमंत देशांतही वाचत नाहीत, हेही प्रशिक्षणात प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. नाहीतर पहिला माणूस हातात गेल्यावर शिपाई स्वतःला दोष देत बसेल. फिलाडेल्फियाचे पोलीस गोळी किंवा चाकू लागलेल्या माणसाला रुग्णवाहिकेची वाट न पाहता आपल्याच गाडीतून रुग्णालयात नेतात, आणि त्यांचे रुग्ण रुग्णवाहिकेतून गेलेल्यांच्या तुलनेत मागे पडत नाहीत असं अभ्यास सांगतात. घोडबंदरच्या कोंडीत हे फार उपयोगाचं आहे. भोसकलेला माणूस असेल तर जखम दाबून धरा आणि जीप काढा. हृदय बंद पडलेलं असेल तर जागेवरच दाब द्या, कारण धावत्या जीपमध्ये धड दाब देता येत नाही. हा फरक शिपायाला क्षणात करता आला पाहिजे.

शेवटी नोंदीचं. अकस्मात मृत्यूची नोंद होते तेव्हा वेळ, जागा, कपडे, खिशातल्या वस्तू सगळं लिहिलं जातं. त्यात आणखी तीन ओळी याव्यात: पोलीस किती वाजता पोहोचले, तेव्हा श्वास कसा होता, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत काय केलं. जे वाचले त्यांच्यासाठीही हीच नोंद वेगळ्या वहीत व्हावी, कारण आज वाचलेला माणूस पोलिसांच्या कागदावर कुठेच दिसत नाही. या ओळी उद्या खातेनिहाय चौकशीत शिपायाच्याच विरोधात वापरल्या जातील अशी भीती काही अधिकारी बोलून दाखवतात. ती रास्त आहे. म्हणून ही नोंद शिक्षेसाठी वापरता येणार नाही, हेही त्या एक पानी आदेशातच लिहावं, आणि दर सहा महिन्यांनी आयुक्तालयाने ती जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयासोबत बसून वाचावी. कोणत्या ठाण्याच्या हद्दीत लोक रक्त जाऊन मरतात, कुठे बुडून, कुठे हृदय थांबून, हे त्यातून कळेल आणि पुढच्या सहा महिन्यांच्या परेडमध्ये काय शिकवायचं ते ठरवता येईल.